मुस्लिम संस्कृतीचा इतिहास : बीड जिल्ह्याच्या कसोटीवर

मुस्लिम संस्कृतीच्या इतिहासाविषयी आपल्याकडे दोन मते प्रचलित आहेत. एक पक्ष या इतिहासाकडे विध्वंसाची मालिका म्हणून पाहतो. दुसरा पक्ष त्यात समतेची क्रांती पाहतो. दोन्ही पक्षांना बौद्धांची साक्ष हवी असते. पहिला आम्हांस नालंदेचे भग्नावशेष दाखवितो. दुसरा सांगतो की, ब्राह्मणी छळाने गांजलेल्या जनतेने इस्लामचे स्वागत केले. ज्या बीड जिल्ह्याने अनेक मुस्लिम राजवटी पाहिल्या, त्याच्या इतिहासावर ही दोन्ही मते घासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दुसऱ्या मताचे सर्वांत समर्थ प्रतिपादन मानवेंद्रनाथ रॉय यांच्या ‘हिस्टॉरिकल रोल ऑफ इस्लाम’ या छोटेखानी ग्रंथात आढळते. ग्रीक विद्येचे जतन अरबांनी केले, युरोपच्या प्रबोधनाला त्यांचा हातभार लागला आणि भारतात बौद्ध क्रांतीचा पराभव झाल्यावर ग्रासलेल्या समाजाला इस्लामने मुक्तीची वाट दाखविली, असा रॉय यांचा युक्तिवाद आहे. यातील पहिला भाग भक्कम आहे. त्याला पूरक पुरावा बौद्ध इतिहासातही मिळतो. बल्ख येथील नवविहाराशी संबंधित बरमक घराणे इस्लाम स्वीकारून बगदादच्या अब्बासी खलिफांच्या वजीरपदापर्यंत पोहोचले. बुद्धचरित्रातील कथा ‘बिलौहर आणि यूदासफ’ या नावाने अरबीत गेली. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी इराणमध्ये रशीदुद्दीनने आपल्या जागतिक इतिहासात कमलश्री नावाच्या काश्मिरी भिक्षूच्या साहाय्याने तथागतांचे चरित्र समाविष्ट केले. ही संस्कृती केवळ तलवारीची होती असे म्हणणाऱ्याने या नोंदींना उत्तर दिले पाहिजे.

रॉय यांच्या युक्तिवादाचा दुसरा भाग मात्र दुबळा आहे. इ. स. ७१२ मधील सिंधचीच गोष्ट घ्या. ब्राह्मणाबाद जिंकल्यावर मुहम्मद बिन कासीमने महसुलाच्या कामावर ब्राह्मणांनाच कायम केले आणि जाटांवर पूर्वीच्या राजवटीने लादलेली अपमानास्पद बंधनेही चालू ठेवली, असे ‘चचनामा’ सांगतो. राज्य बदलले, पण जन्मावर आधारलेली उतरंड नव्या राज्यकर्त्याला सोयीची वाटली.

आता पहिल्या मताकडे वळू. ‘बौद्ध धर्माचा ऱ्हास आणि पतन’ या प्रकरणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुस्लिम आक्रमणाचा आघात निःसंदिग्ध शब्दांत मांडला आहे. ओदंतपुरी, नालंदा, विक्रमशिला यांचा नाश आणि भिक्षूंची कत्तल त्यांनी लपविली नाही. परंतु हे प्रकरण अर्धेच वाचण्याची प्रथा पडली आहे. आघात ब्राह्मणी धर्मावरही झाला होता, मग तो का टिकला, हा बाबासाहेबांचा खरा प्रश्न आहे. ब्राह्मणी धर्माला राजाश्रय उरला होता. शिवाय ब्राह्मण जन्मानेच पुरोहित असल्यामुळे तेथे पुरोहितांची वाण कधी पडली नाही. भिक्षू मात्र उपसंपदेने होतो; संघ विखुरला की नवा भिक्षू घडविणारे कोणी उरत नाही. म्हणजे बाबासाहेबांच्या विवेचनात आक्रमकाच्या तलवारीबरोबर ब्राह्मणशाहीही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे.

हे विवेचन मगधाचे आहे. मराठवाड्याचा कालक्रम निराळा आहे. अजिंठ्याचे मोठे काम पाचव्या शतकात थांबले, वेरूळची बौद्ध लेणी सातव्या-आठव्या शतकापर्यंतची आहेत. बीडला लागून असलेल्या तेरचे प्राचीन चैत्यगृह त्रिविक्रमाचे मंदिर होऊन बसले. अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला तो १२९६ साली. त्यापूर्वीच्या बीड परिसरात सत्ता यादवांची होती. सिंघण यादवाचा सेनापती खोलेश्वर अंबाजोगाईला मंदिरे उभारीत होता. येथील विहार तुर्कांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके ओस पडले होते. मराठवाड्यातील धम्माच्या लोपाचे खापर मुसलमानांवर फोडणारा मनुष्य आपल्या पूर्वजांच्या खऱ्या अपराध्याला मोकळे सोडतो.

मुस्लिम राजवटींनी या भूमीला काय दिले, हे पाहण्यासाठी फार दूर जावे लागत नाही. १५६७ साली आदिलशाहीच्या किश्वरखानाने धारूरचा किल्ला बांधला. पुढे तो निजामशाहीकडे जाऊन ‘फतेहाबाद’ झाला. बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात सलाबतखानाने बांधविली. तिचे पाणी भूमिगत मार्गाने शेतांपर्यंत जाते. जमिनीखालून पाणी वाहून नेण्याची विद्या इराणात प्राचीन काळापासून होती. मुस्लिम जगाच्या दळणवळणातून ती देशोदेशी पसरली, आणि दख्खनमध्ये तिचे कितीतरी नमुने आहेत. खडकीला, म्हणजे पुढील औरंगाबाद व आजच्या छत्रपती संभाजीनगरला, नहर आणणारा मलिक अंबर हबशी गुलाम होता; तो निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. विकत घेतलेल्या गुलामाला राज्याच्या शिखरावर पोहोचता येईल, एवढी मोकळीक या संस्कृतीत होती. चातुर्वर्ण्यात ती नव्हती.

परंतु त्याच राज्यातील गावचा महार कोठे होता? तो गावकुसाबाहेरच होता. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क दिल्याची परंपरा आमच्या वाडवडिलांनी अभिमानाने जपली. तिच्यातील अभिमान समजण्यासारखा आहे. पण बलुत्याच्या हक्काबरोबर वेठही कायम होत असते. वतनाने मनुष्याला गावाशी जखडून ठेवले, हे ओळखूनच बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक आणले. बहामनी, निजामशाही, मोगल, आसफजाही. राजवटी बदलत गेल्या, पण पाटील-कुलकर्ण्यांचे गाव बदलले नाही. कारण सारा गोळा होण्यासाठी प्रत्येक राजवटीला तेच गाव हवे होते.

याचा दाहक पुरावा १९३४ सालचा आहे. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले असता तेथील हौदावर हातपाय धुतल्याबद्दल मुसलमानांनी त्यांना पाणी बाटविल्याचा दोष दिला. आम्ही मुसलमान झालो असतो तर अडविले असते काय, या बाबासाहेबांच्या प्रश्नावर जमाव निरुत्तर झाला. ज्या संस्कृतीने डोंगराखालून पाणी आणले, तिचे अनुयायी त्या पाण्याला शिवण्याचा अधिकार ठरविताना मनुस्मृतीचेच शिष्य बनले होते. धर्मग्रंथातील समता आणि हौदावरील समता यांत अंतर पडते ते येथे. रॉय यांनी हे अंतर मोजले नाही, ही त्यांच्या ग्रंथाची मुख्य उणीव होय.

याचा अर्थ मुसलमान शेजारी आपला वैरी आहे, असा काढणे घोर अन्यायाचे ठरेल. रझाकारांचे अत्याचार सत्य आहेत. नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी हैदराबादच्या अस्पृश्यांना निजामाची बाजू न घेण्याचा इशारा दिला होता, हेही सत्य आहे. परंतु सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर निरपराध मुसलमानांचीही हत्या झाली. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत किमान पाच हजार माणसे मेल्याचा अंदाज सुंदरलाल समितीने नोंदविला. विहारांच्या नाशाचा शोक करणाऱ्याने या मृतांविषयी मौन पाळले, तर त्याच्या करुणेला अर्थ उरत नाही.

कालामसुत्त आम्हांला परंपरेवर किंवा ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे शिकविते. ही शिकवण विध्वंसाच्या कथेला लागू आहे, तशीच मुक्तीच्या कथेलाही. कोणत्याही संस्कृतीचा इतिहास लिहिताना आमची कसोटी एकच राहील : तिने बांधलेल्या विहिरीवर शेवटच्या माणसाला ओंजळ भरता आली काय? या कसोटीवर मुस्लिम संस्कृती अर्धी उतरते. ब्राह्मणी संस्कृती तर मुळीच उतरत नाही. आणि १९५६ नंतरचे आम्ही किती उतरतो, हे आमच्या गावांतील मातंग, भटके आणि मुसलमान शेजाऱ्यांना विचारूनच ठरवावे लागेल.