थंडीचा हक्क : एका ग्रंथाच्या निमित्ताने

उन्हाच्या प्रदेशात राहणाऱ्या आमच्या वाचकांस 'द राइट टु बी कोल्ड', म्हणजे 'थंड राहण्याचा हक्क', हे ग्रंथनाम प्रथमदर्शनी काहीसे विनोदी वाटण्याचा संभव आहे. थंडीपासून संरक्षण मागावे हे कोणासही समजेल. पण थंडीच हक्क म्हणून मागणारा अर्जदार कोणत्या न्यायासनापुढे उभा राहणार? शीला वॉट-क्लूतिए या इन्युइट लेखिकेचे हे आत्मकथन २०१५ साली प्रसिद्ध झाले. ज्या लोकांना आपली शालेय पुस्तके 'एस्किमो' म्हणत आली, त्यांपैकीच त्या एक. ग्रंथ वाचून खाली ठेवताना नावातला विनोद पार मावळलेला असतो, आणि कायद्याच्या अभ्यासकास अस्वस्थ करील असा एक प्रश्न मागे उरतो. तो प्रश्न असा : ज्या भूमीवर हक्क बजावावयाचा, ती भूमीच नाहीशी होत असेल, तर त्या हक्काचे मोल काय?

लेखिकेचा जन्म १९५३ साली कॅनडातील उत्तर क्वेबेकमध्ये, उंगावा उपसागरानजीकच्या कूजुआक या वस्तीत झाला. आयुष्याची पहिली दहा वर्षे त्यांचा प्रवास केवळ कुत्र्यांच्या गाडीने झाला. आई आणि आजी यांच्या छायेत वाढलेल्या या मुलीला पुढे शिक्षणासाठी घरापासून दूर, दक्षिणेस पाठविण्यात आले. परक्या घरात भाषा कशी दुरावते, हे त्यांनी फार संयमाने सांगितले आहे. आमच्या मते ग्रंथाचा हाच भाग सर्वांत सरस होय. त्यात तक्रारीचा सूर नाही, साक्ष आहे. आणि चांगल्या साक्षीदाराप्रमाणे लेखिका आपण पाहिले तेवढेच बोलते.

या साक्षीचे मर्म कळण्यासाठी सागरी बर्फ म्हणजे काय, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या कल्पनेत बर्फ म्हणजे ओसाड, निरुपयोगी पसारा. इन्युइट शिकाऱ्यास तो रस्ता आहे, शेत आहे आणि कोठारही आहे. गोठलेल्या समुद्रावरूनच एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत जाता येते. सील श्वास घेण्यास वर येतो ते भोक त्याच बर्फात असते. त्या भोकाशी माणूस टपून बसतो आणि ध्रुवीय अस्वलही टपून बसते. दोघांची विद्या एक आणि रंगभूमीही एक. माणूस त्या अस्वलाचीही शिकार करतो. त्याचे मांस आप्तस्वकीयांत वाटले जाते. उत्तर ग्रीनलंडमधील शिकारी त्याच्या कातड्याची विजार घालतात, कारण तिथल्या गारठ्यात तिच्या तोडीचे वस्त्र दुसरे नाही. तेव्हा ही शिकार म्हणजे हौस नव्हे, प्रपंच होय.

कायद्याने हा भेद ओळखलेला आहे. कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका आणि सोव्हिएत संघ या पाच राष्ट्रांनी १९७३ साली ऑस्लो येथे ध्रुवीय अस्वलांच्या संरक्षणाचा करार केला. त्या काळी बंदुकीची हौसेखातर होणारी शिकार हे मोठे संकट होते. करारात हत्येस सर्वसाधारण मनाई आहे. मात्र परंपरागत हक्कानुसार, परंपरागत पद्धतीने शिकार करणाऱ्या स्थानिक लोकांसाठी अपवाद ठेवलेला आहे. कॅनडात शिकारीची संख्या ठरवून परवाने दिले जातात. ग्रीनलंडनेही २००६ पासून अशी मर्यादा घातली. अपवादाची भाषा चोख आहे. परंतु आमच्याकडील वहिवाटीच्या दाव्यांत कधी असे घडते की, वाट वापरण्याचा हक्क दप्तरी शाबूत राहतो आणि ती वाट ज्या जमिनीतून जाते ती जमीनच नदी कापून नेते. ऑस्लोच्या कराराची गत आज काहीशी तशीच झाली आहे. त्याने शिकाऱ्याचा हात मोकळा ठेवला. पायाखालच्या बर्फास धोका कोठून येईल, हे मात्र १९७३ साली कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हते.

पुढे २००८ साली अमेरिकेने ध्रुवीय अस्वलास 'संकटग्रस्त होऊ घातलेला' प्राणी म्हणून संरक्षण दिले. कारण म्हणून शिकारीवर नव्हे, तर सागरी बर्फाच्या ऱ्हासावर बोट ठेवले. मात्र त्याच वेळी केलेल्या विशेष नियमाने, या संरक्षणाचा आधार घेऊन उष्णता वाढविणाऱ्या वायूंवर नियंत्रण आणता येणार नाही, अशी तजवीज केली गेली. प्रत्यक्ष परिणाम झाला तो असा की, कॅनडात मारलेल्या अस्वलांची कातडी अमेरिकेत नेणे बंद झाले, आणि हौशी शिकाऱ्यांस वाटाड्या म्हणून नेऊन चार पैसे मिळविणाऱ्या इन्युइट वस्त्यांची मिळकत आटली. कारण एक आणि उपाय दुसऱ्यावर, असा हा निवाडा. हौशी शिकारीचे समर्थन आम्हांस करावयाचे नाही. तथापि आग लावणाऱ्यास मोकळे सोडून शेजाऱ्याची चूल विझविण्यासारखा हा न्याय आहे, हे म्हटल्यावाचून राहवत नाही.

लेखिकेने नेमके मूळ कारणालाच हात घातला. इन्युइट परिध्रुवीय परिषदेच्या अध्यक्षा असताना, ७ डिसेंबर २००५ रोजी, त्यांनी बासष्ट शिकारी व वृद्धांसह आंतर-अमेरिकी मानवी हक्क आयोगाकडे अमेरिकेविरुद्ध अर्ज केला. १९४८ च्या अमेरिकी जाहीरनाम्यातील जीवित, आरोग्य, मालमत्ता, संस्कृती यांविषयीच्या हक्कांचा भंग तापमानवाढीमुळे होत आहे, असे त्यांचे म्हणणे. आयोगाने २००६ साली, दिलेल्या माहितीवरून हक्कभंग ठरविता येत नाही, असे कळवून अर्ज पुढे चालविण्यास नकार दिला. मार्च २००७ मध्ये या विषयावर सुनावणी मात्र घेतली. वकील म्हणून पाहता अर्जातील दुबळा दुवा उघड आहे. धूर अनेक देशांचा, सामनेवाला एकच. कोणाच्या धुराने कोणाचा बर्फ वितळला, हे सिद्ध कसे करावे? लेखिकेचे सामर्थ्य हे की, हा तांत्रिक प्रश्न तिने माणसांच्या मुखाने बोलता केला. ओळखीच्या बर्फावर अनुभवी शिकारी बुडतो, तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञान अप्रमाण ठरते. ही हानी कोणत्या रकान्यात मांडावी?

ग्रंथात उणिवा नाहीत असे नव्हे. उत्तरार्धात परिषदा, भाषणे, सन्मान यांची गर्दी होते आणि पूर्वार्धातील घरगुती, सजीव आवाज क्षीण होतो. शिवाय हे अर्जदाराचे लेखन आहे, न्यायाधीशाचे नव्हे. वाचकाने दुसरी बाजूही मनाशी ठेवावी. हडसन उपसागराच्या पश्चिम भागात २०१६ च्या गणतीत अस्वले सुमारे ८४२ आढळली, २०२१ मध्ये सुमारे ६१८. उलट, वस्तीजवळ पूर्वीपेक्षा अधिक अस्वले दिसतात, असे अनेक शिकारी सांगतात. आमच्या मते दोन्ही साक्षी खऱ्या असू शकतात. बर्फ लवकर फुटला की भुकेले अस्वल किनाऱ्यावर अधिक दिवस काढते आणि माणसाच्या दारी येते. संख्या घटत असता किती मारावीत, हा प्रश्न केवळ परंपरेचे नाव घेऊन सुटणार नाही. तो शिकारी आणि शास्त्रज्ञ यांनी एकत्र बसूनच सोडवावा लागेल.

मात्र अर्ज नाकारला गेला म्हणून श्रम वाया गेले, असे कोणी म्हणू नये. २०२५ साली आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात निरोगी हवामानाचा हक्क मान्य केला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ साली, माळढोक पक्ष्याच्या प्रकरणात, हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा नागरिकाचा हक्क घटनेत शोधला. वीस वर्षांपूर्वी जे मागणे चमत्कारिक वाटले, ते आज न्यायालयांच्या भाषेत आले आहे. हक्क मान्य झाल्याने बर्फ परत गोठत नाही, हेही तितकेच खरे. परंतु ज्यांची चूल त्या बर्फावर अवलंबून आहे, त्यांचे म्हणणे आता केवळ दयेचा अर्ज राहिलेले नाही. ते येथवर कसे आले, हे जाणू इच्छिणाऱ्या वाचकाने, आणि विशेषतः आमच्या व्यवसायबंधूंनी, हा ग्रंथ अवश्य वाचावा.