परीक्षक रेडॉन

कारखान्याचा धूर वाऱ्याबरोबर कोठे पोचेल, कार्बन डायऑक्साइड कोणत्या प्रदेशात शोषला जातो, अशा प्रश्नांची उत्तरे आज संगणकावर चालणाऱ्या गणिती प्रतिमानांकडून मिळवली जातात. पण प्रतिमानातली हवा खऱ्या हवेसारखीच वाहते, हे तपासायचे कसे? त्यासाठी हवेवर एखादी खूण हवी. निसर्गाने ती दिली आहे : रेडॉन-२२२.

मातीतील रेडियमच्या विघटनातून हा किरणोत्सारी वायू तयार होतो. तो निष्क्रिय असल्याने रासायनिक क्रियेत अडकत नाही, पावसाने धुतलाही जात नाही. समुद्रातून तो अगदी थोडा येतो. त्याचा अर्धायुष्यकाल ३.८ दिवसांचा आहे. म्हणजे सुमारे साडेअकरा दिवसांत त्याचा आठवा भागच उरतो. त्यामुळे भर समुद्रावरच्या हवेत भरपूर रेडॉन सापडला, तर ती हवा काही दिवसांपूर्वी जमिनीवर होती असे समजावे.

याच युक्तीने डॅनियल जेकब व सहकाऱ्यांनी जगभरातील २० प्रतिमानांची परीक्षा घेतली. तिचा निकाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. हिंदी महासागराच्या दक्षिण भागातील क्रोझे बेटावर अधूनमधून रेडॉनच्या लाटा येतात. आफ्रिका तेथून दोन हजार किलोमीटरहून दूर आहे. प्रस्थापित त्रिमितीय प्रतिमानांनी या लाटांची वारंवारता व तीव्रता बरोबर दाखवली. हे यश मोठे आहे.

परंतु उंचावरच्या हवेत चित्र बदलते. तेथील रेडॉनची सरासरी बहुतेक त्रिमितीय प्रतिमानांना जमली. प्रत्यक्षातले चढउतार मात्र एकालाही जमले नाहीत. हवाई बेटांवर सुमारे बारा किलोमीटर उंचीवर मोजलेला भरपूर रेडॉनही एकाही प्रतिमानात दिसला नाही. जमिनीलगतची हवा गडगडाटी ढगांतून झपाट्याने वर जाते. नेमकी हीच क्रिया प्रतिमानांच्या मोठमोठ्या चौकटींत मावत नाही, ती अंदाजाने घालावी लागते.

या परीक्षेबद्दल आम्हाला दोन आक्षेप नोंदवावेसे वाटतात. पहिला असा, की जमिनीच्या दर चौरस सेंटीमीटरमधून दर सेकंदाला साधारण एक अणू बाहेर पडतो, असे या परीक्षेत ढोबळमानाने धरले होते. पण ओली किंवा गोठलेली माती रेडॉन अडवून धरते. मग उत्तर चुकले तर दोष वाऱ्याचा की मातीचा? दुसरा आक्षेप परीक्षकाच्या आवाक्याचा आहे. उत्तर व दक्षिण गोलार्धांतील हवेची देवाणघेवाण किती वेगाने होते, याबद्दल प्रतिमानांत मोठे मतभेद दिसले. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब त्यावर अवलंबून असतो. परंतु त्या प्रवासाला महिने लागतात. काही दिवसांत विरणारा रेडॉन तेथे निवाडा कसा करणार? तेथे सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा टिकाऊ वायूच हवा.

म्हणून 'प्रतिमान पडताळलेले आहे' एवढे ऐकून आपण थांबू नये. कशाने व कोणत्या प्रश्नासाठी पडताळले, हेही विचारावे. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एखाद्या चाचणीची फक्त सरासरी मुलांना सांगावी आणि सर्वांत कमी गुण किती असतील, हे ओळखायला लावावे.