शेक्सपिअरचे २९वे सुनीत: निराशा आणि स्मरण

शेक्सपिअरची १५४ सुनीते १६०९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २९वे सुनीत अनेक अभ्यासक्रमांत असते आणि त्यावरचे परीक्षेतील उत्तरही ठरलेले असते: निवेदक निराश आहे, त्याला प्रियजनाची आठवण होते आणि प्रेमामुळे त्याचे दुःख नाहीसे होते. हे उत्तर चूक नाही. पण दुःख नाहीसे होते म्हणजे नेमके काय बदलते, हे त्यात राहून जाते.

निवेदकाच्या तक्रारी पाहा. दैव रुसले आहे, लोकांत मान उरलेला नाही, तो एकटाच रडतो आणि त्याचा आक्रोश स्वर्गाला ऐकू जात नाही. स्वर्ग बहिरा आहे. दुसऱ्या चतुष्कात निराशेचे रूपांतर मत्सरात होते. कोणाला आशा अधिक, कोणाला रूप, कोणाला मित्र, कोणाला कौशल्य. प्रत्येकाचे काहीतरी त्याला हवे आहे. माझ्या मते सर्वांत बोचरी आहे ती आठवी ओळ. ज्या गोष्टीत त्याला एरवी सर्वाधिक आनंद मिळतो, तिच्यातच त्याला आता सर्वांत कमी समाधान आहे.

नवव्या ओळीत वळण येते. दहाव्या ओळीतील 'हॅप्ली' या जुन्या शब्दाचा अर्थ 'योगायोगाने'. म्हणजे निवेदक ठरवून प्रेमाचा आधार घेत नाही. स्वतःचा तिरस्कार करीत असताना त्याला सहज कोणीतरी आठवते, इतकेच. प्रियजन समोर येत नाही, एक शब्दही बोलत नाही. (ही व्यक्ती पुरुष की स्त्री हे या सुनीतात कोठेही सांगितलेले नाही, पहिली १२६ सुनीते एका तरुणाला उद्देशून आहेत असे परंपरेने मानले जाते.)

मग मन पहाटेच्या चंडोलासारखे उदास भूमीवरून वर उठते. हे उड्डाण अकराव्या ओळीच्या शेवटी थांबत नाही, बाराव्या ओळीत शिरते आणि स्वर्गाच्या दाराशी स्तोत्र होते. येथे तिसऱ्या ओळीतील बहिरा स्वर्ग आठवावा. त्याला आता ऐकू येऊ लागले, असे कवी म्हणत नाही. बदलला आहे तो आवाज. आधी तो काहीतरी मागत होता, आता गातो आहे.

'स्टेट' हा शब्द सुनीतात तीनदा येतो. दुसऱ्या ओळीत ती बहिष्कृताची स्थिती आहे, दहाव्या ओळीत मनाची अवस्था आणि चौदाव्या ओळीत, राजांचा उल्लेख असल्यामुळे, त्यात राजपदाचाही अर्थ मिसळतो. मराठीत हे तिन्ही अर्थ एका शब्दात मावत नाहीत, म्हणून अनुवाद वाचताना हा धागा हातातून सुटतो. यमकही पाहण्याजोगे आहे. शेक्सपिअरच्या नेहमीच्या रचनेत तिसऱ्या चतुष्काची यमके नवी असतात. येथे मात्र 'स्टेट'चे यमक पहिल्या चतुष्कातून परत येते. शब्द तोच, परिस्थितीही तीच. फरक पडतो तो तिच्याकडे पाहण्याच्या जागेत.

निवेदक पूर्णपणे मुक्त झाला असे मला वाटत नाही. शेवटच्या द्विपदीत प्रेमाचे मोल तो संपत्तीच्या भाषेतच सांगतो आणि राजांशी अदलाबदल नको म्हणतो. इतरांशी तुलना करण्याची सवय सुटलेली नाही. पारडे तेवढे फिरले आहे.

शिवाय सुनीताची सुरुवात 'जेव्हा' या अर्थाच्या शब्दाने होते आणि चौदाही ओळी मिळून जवळजवळ एकच वाक्य होते. जेव्हा जेव्हा असे घडते तेव्हा तेव्हा तसे होते, असा त्याचा सूर आहे. हा एकदाच घडलेला प्रसंग नाही. निराशा पुन्हा येणार आहे. लगेचचे ३०वे सुनीतही 'जेव्हा'नेच सुरू होते. त्यात जुनी दुःखे पुन्हा मोजली जातात आणि मित्राची आठवण येते ती थेट शेवटच्या द्विपदीत. दोन्ही सुनीते एकापाठोपाठ वाचावीत.