नवा पलंग, हरवलेले इंजिन

सोलापूर–तुळजापूर–धाराशिव रेल्वेमार्गाचे काम सुरू झाल्यापासून तुळजापुरात रेल्वेविषयीच्या गप्पांना ऊत आला आहे. स्टेशन कुठे होणार, जमिनीचा मोबदला कोणाला किती मिळाला, नवरात्रात जादा गाड्या सुटतील का, असे विषय रोज निघतात. अशाच एका बैठकीत एकाने सुचवले, "स्टेशन झालं की त्याच्या म्होरं बार्शी लाइटचं जुनं इंजिन करून ठिवायला पायजे. येणारं माणूस फोटो तरी काढंल." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. घरी परतताना मात्र 'करून ठेवणे' या शब्दाशी मी अडलो. काय करून ठेवायचे? पत्र्याचा सांगाडा, की आत विस्तव पेटणारे, वाफ धरणारे, रुळावर चालणारे यंत्र? आणि यांपैकी काहीही केले, तरी त्याला बार्शी लाइटचे इंजिन म्हणता येईल का?

कलाकृतीच्या अस्सलपणाविषयी आपण बरीच चर्चा करतो. यंत्राच्या अस्सलपणाविषयी जवळजवळ करत नाही. हा लेख त्या दिशेने केलेला एक प्रयत्न आहे.

आधी मूळ इंजिन. मुंबईहून सोलापूरकडे जाणारा जीआयपी रेल्वेचा लोहमार्ग बार्शीला बाजूला ठेवून गेला. बार्शी मोठी बाजारपेठ होती, पण तिचा माल बैलगाड्यांनी स्टेशनापर्यंत आणावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता 1882 पासून जीआयपीच्या नोकरीत होता. या उणिवेत त्याला संधी दिसली. 1895 मध्ये लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि 1897 मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांवरची गाडी सुरू झाली. पुढे 1906 मध्ये ती पंढरपूरला, 1911 मध्ये लातूरला आणि 1927 मध्ये मिरजेला पोचली. सव्वातीनशे किलोमीटरची ही लाइन 1954 मध्ये सरकारने ताब्यात घेतली.

कॅलथ्रॉपचे खरे काम रुळांच्या रुंदीत नव्हते, वजनाच्या हिशेबात होते. रूळ हलके घेतले तर खर्च वाचतो, पण हलका रूळ जड चाकाखाली टिकत नाही. त्याने दर यार्डाला 30 पौंडांचे रूळ घेतले. आजच्या मुख्य मार्गावरचा रूळ मीटरला 60 किलोचा असतो. त्याच्या मानाने हा चौथा हिस्सा. मग त्याने नियम केला की इंजिन असो, प्रवासी डबा असो वा मालडबा, कोणत्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिन म्हणजे गाडीतली सर्वांत जड वस्तू. तिला या नियमात बसवण्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीने 'ए' वर्गाची पाच इंजिने बांधली. पुढे गाडी ओढणारी आठ चाके एकमेकांना जोडलेली आणि मागे कोळसा-पाण्याचा भार पेलणारी चार लहान चाके. सहा ॲक्सल, प्रत्येकी पाच टन. ओढण्याच्या कामी वीस टनांपर्यंत वजन आले, तरी रुळावर कुठेच जादा दाब नाही. 1896 मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे रूळ अंथरून या इंजिनांची आणि डब्यांची चाचणी झाली आणि मग ती समुद्रमार्गे इकडे आली.

हे सांगण्याचे कारण असे की 'ए' वर्गाचे इंजिन म्हणजे केवळ एक आकार नव्हे, एका अडचणीला दिलेले ते उत्तर आहे. त्याचे धुराडे, दिवा आणि रंग फोटोवरून उचलता येतील. पाच टनांचा तो हिशेब मात्र फोटोत दिसत नाही.

माझ्या लहानपणी मी कुर्डुवाडीहून पंढरपूरला छोट्या गाडीने गेलो आहे. डोळ्यांत जाणारी कोळशाची कस, वारीच्या दिवसांत टपावर बसलेली माणसे, हे सारे आठवते. पण ते इंजिन 'ए' वर्गाचे नव्हते. नंतरच्या, थोराड वर्गाचे होते. म्हणजे माझ्या आठवणीतली बार्शी लाइटसुद्धा मूळ बार्शी लाइट नव्हे. 2008 पर्यंत लातूर–कुर्डुवाडी मार्ग ब्रॉडगेज झाला आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांत पंढरपूर–मिरजही. आज 'ए' वर्गाचे इंजिन कुठे धावत नाही आणि ते ज्यावर धावले ते अडीच फुटी रूळही तिथे नाहीत.

आणखी एक गोष्ट तुळजापूरकर म्हणून कबूल करायला हवी. बार्शी लाइट तुळजापूरला कधी आलीच नाही. बार्शी इंग्रजी मुलखात आणि तुळजापूर निजामाच्या राज्यात होते. जुनी लाइन येडशीवरून लातूरकडे जाई; धाराशिव शहरसुद्धा तिला लागत नव्हते, ते ब्रॉडगेज होताना मार्गात आले. देवीला येणारा भाविक रेल्वेतून उतरल्यावर पुढे बैलगाडीने, टांग्याने, नंतर एसटीने येई. तेव्हा तुळजापूरच्या स्टेशनापुढे बार्शी लाइटचे इंजिन उभे केले तर ती आठवण ठरणार नाही. जे घडलेच नाही त्याचे ते स्मारक होईल. फोटो काढणाऱ्या भाविकाला हे कळणार नाही; म्हणून ते लावणाऱ्याची जबाबदारी जास्त.

आता जगात हे काम कसे झाले ते पाहू. इंग्लंडमध्ये 1948–49 साली 'ए-वन' या वर्गाची 49 जलद इंजिने बांधली गेली. 1966 पर्यंत सगळी भंगारात गेली, एकही उरले नाही. 1990 मध्ये काही हौशी लोकांनी ठरवले की नवे बांधायचे. त्यांनी सामान्य माणसांकडे वर्गणी मागितली ती आठवड्याला बिअरच्या एका ग्लासाच्या किमतीएवढी. अठरा वर्षांनी, 2008 मध्ये, सुमारे 30 लाख पौंड खर्चून 'टोर्नाडो' हे इंजिन डार्लिंग्टन येथे वाफेवर उभे राहिले. जुन्या इंजिनांचे क्रमांक 60162 वर संपले होते. याला 60163 दिला गेला. बांधणारे त्याला प्रतिकृती म्हणत नाहीत, त्या वर्गाचे पन्नासावे इंजिन म्हणतात.

दुसरे उदाहरण आपल्या बार्शी लाइटसारख्याच छोट्या गाडीचे. डेव्हन परगण्यातली लिंटन–बार्नस्टेपल लाइन 1935 मध्ये बंद पडली. तिच्या इंजिनांना नद्यांची तीन अक्षरी नावे होती: यो, एक्स, टॉ, ल्यू. त्यांतले ल्यू ब्राझीलला विकले गेले आणि तिकडेच हरवले. बाकीची भंगारात गेली. 2010 मध्ये वेल्समधल्या बोस्टन लॉज कारखान्यात त्याच वर्गाचे इंजिन नव्याने तयार झाले. त्याला जुन्यांपैकी एकाचेही नाव दिले नाही. त्याच परंपरेतले, पण नवे नाव दिले: लिड.

या दोन्ही निर्णयांत मला समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दिसते. नव्या इंजिनाने मेलेल्या इंजिनाचे सोंग घेतलेले नाही. ते त्या घराण्यातले पुढचे मूल म्हणून आले. टोर्नाडोत फरकही उघड आहेत. बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेन येथून आणला, तो पूर्ण वेल्डिंगचा. अग्निपेटी तांब्याऐवजी पोलादाची. वाटेत रुळांमधल्या हौदांतून पाणी उचलण्याची सोय आता राहिली नाही, म्हणून टेंडरमध्ये पाणी वाढवले आणि कोळसा कमी केला. यांतले काही लपवलेले नाही.

साहित्याच्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्या आवृत्तीचा पाठ जसाच्या तसा कोणत्याही एका हस्तलिखितात सापडत नाही. तरी आपण तिला बनावट म्हणत नाही, कारण प्रत्येक पानाखाली पाठभेद नोंदवले आहेत. कुठे काय घेतले आणि काय सोडले, हे वाचकाला तपासता येते. आमच्या मराठवाड्यातच, पैठणला, एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या प्रती जमवून पाठ शुद्ध केला, तेव्हाही प्रश्न हाच होता: मूळ हाती नसताना मुळाशी इमान कसे राखायचे? नव्याने बांधलेल्या इंजिनाचे मूल्यमापन मी याच कसोटीवर करीन. त्याला पाठभेदांची तळटीप आहे का? वेल्डिंग कुठे केले, कोणता भाग अंदाजाने घडवला, हे त्याच्या पाटीवर लिहिलेले आहे का? नसेल, तर ते कितीही देखणे असले तरी बनावट.

पण ही कसोटीही अपुरी आहे, हे मला तुळजापूरनेच शिकवले.

दरवर्षी दसऱ्याला देवीसाठी अहिल्यानगरच्या बाजूने नवी पालखी आणि नवा पलंग येतो. पलंग पुणे जिल्ह्यातल्या घोडेगावात घडतो आणि गावोगाव मुक्काम करत पायी इथे पोचतो. पहाटे देवीची चल मूर्ती सिंहासनावरून उतरवून पालखीतून सीमोल्लंघनाला नेतात आणि त्यानंतर पौर्णिमेपर्यंत देवी त्या नव्या पलंगावर श्रमनिद्रा घेते. हा पलंग गेल्या वर्षीच्या पलंगाची प्रतिकृती आहे, असे आजवर कोणी म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. तो देवीचा पलंग आहे, एवढेच. लाकूड नवे, सांधे नवे, दोऱ्या नव्या. मान मात्र जुना आणि घडवणारे घराणे जुने. गेल्या वर्षीच्या पलंगाला काचेच्या पेटीत ठेवा, असेही कोणी म्हणत नाही. त्याची गरज नाही, कारण तो करण्याची विद्या कोणाच्या तरी हातात जिवंत आहे आणि पुढच्या वर्षी तिला पुन्हा कामाला लागायचे आहे.

'ए' वर्गाचे इंजिन हरवले ते भंगारवाल्याने तोडले त्या दिवशी नव्हे. ते पुन्हा करण्याची कोणावर वेळ येणार नाही, हे ठरले त्या दिवशी ते हरवले. वस्तू टिकवणे आणि करणे टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे यंत्रांच्या बाबतीत पहिलीच गोष्ट होते, तीही रंग देऊन. स्टेशनांपुढे चौथऱ्यावर ठेवलेली इंजिने पाहा. चाके काळी, कडा पांढऱ्या, नावाची पाटी चकचकीत. आत मात्र बॉयलर गंजलेला, आणि तो कसा पेटवायचा हे सांगणारा माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला.

हे आपल्याला जमणारच नाही, असे मात्र नाही. निलगिरीच्या दातेरी रुळांवर चढणारी 'एक्स' वर्गाची इंजिने मूळची स्वित्झर्लंडची. गेल्या दीड दशकात तिरुचिरापल्लीच्या गोल्डन रॉक कारखान्यात त्या वर्गाची नवी वाफेची इंजिने भारतीय कामगारांनी बांधली आणि ती घाट चढतात. तिथे हे शक्य झाले, कारण लाइन चालू होती, प्रवासी होते, इंजिनाला काम होते. बार्शी लाइटच्या बाबतीत ते काम उरलेले नाही. मिरजेपासून लातूरपर्यंत आता विजेची आणि डिझेलची इंजिने धावतात. नव्या 'ए' वर्गाला उभे करायचे तर आधी त्याच्यासाठी रूळ, मग त्या रुळावर कारण शोधावे लागेल.

यावर सर्वांत रास्त आक्षेप माझ्याच घरातून आला. "ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पाण्याचे टँकर लागतात, तिथे इंजिनाला पाणी कुठून देणार?" असे पत्नीने विचारले. विनोद बाजूला ठेवला तरी प्रश्न खरा आहे. सरकारी पैशातून शोभेचे इंजिन व्हावे, असे मला अजिबात वाटत नाही. टोर्नाडो झाले ते लोकांच्या आठवड्याच्या लहान वर्गणीतून; ज्याला हवे त्याने दिले. शिवाय अठरा वर्षांत तिथे केवळ इंजिन तयार झाले नाही. साचे करणारे, ओतकाम करणारे, बॉयलर तपासणारे हात तयार झाले. खर्चाचा खरा परतावा तोच होता.

म्हणून त्या बैठकीतल्या सूचनेला मी उशिरा का होईना, उत्तर देतो. तुळजापूरच्या स्टेशनापुढे पत्र्याचे इंजिन नको. ते या गावाविषयी खोटे बोलेल आणि इंजिनाविषयीही. करायचेच असेल तर ते कुर्डुवाडीत व्हावे. तिथे रेल्वेचा कारखाना आहे, लाइनचा उगम आहे, आणि छोट्या गाडीवर नोकरी केलेली माणसे त्या परिसरात अजून भेटतात. सुरुवात इंजिनाने होऊ नये. आधी त्या माणसांचे बोलणे नोंदवावे: चढावर वाफ कशी राखायची, हलक्या रुळावर चाक कधी घसरते, कोळसा ओला असला की काय करायचे. मग नकाशे आणि मापे जमवावीत. मग आयटीआयच्या मुलांनी एका चाकाचा लाकडी साचा करावा आणि ते चाक ओतून घ्यावे. पुढचे काही झाले नाही, तरी एक चाक आणि ते करू शकणारी चार मुले उरतील. पूर्ण इंजिन झाले, तर त्याला सहावा क्रमांक द्यावा. पाच होती, हे सहावे.

यंदा दसऱ्याला पलंग आला तेव्हा मी गर्दीत मागे उभा होतो. दर्शन नीट झाले नाही, पण पलंगाचा एक पाय जवळून दिसला. सांधा घट्ट बसला होता. तो ज्याने बसवला, त्याने तो कोणाकडून तरी शिकला असणार, आणि कोणीतरी त्याच्या शेजारी बसून पाहत असणार. 'ए' वर्गाच्या इंजिनाला असे शेजारी बसणारे कोणी मिळाले नाही. ते आता मिळेल का, एवढाच प्रश्न आहे.