परीक्षण : 'ऑर्गनाइझ' व दप्तराचा क्रम

गोरेगांवसारख्या उपनगरांतील बिऱ्हाडांत मोडी कागदांचे रुमाल मावत नाहींत. संग्राहकापाशीं बहुधा त्यांचीं संगणकांतील छायाचित्रेंच असतात. त्यांची लावालाव करणारें 'ऑर्गनाइझ' हें साधन पायथन भाषेंत रचलेलें असून आज्ञा टंकून चालवितात. 'सिम' ही आज्ञा फायलींस हात न लावतां काय घडेल तेवढें दाखविते, 'रन' तें प्रत्यक्ष करिते. ही रंगीत तालीम आम्हांस फार पसंत पडली.

दोषही सांगितला पाहिजे. तारीखवार लावा म्हटलें, कीं तें छायाचित्राची किंवा फायलीची तारीख पाहतें. पत्रांतील शुहूर सन त्यास काय कळणार! १७६१ चें पत्र व १८०३ ची यादी एकाच दिवशीं टिपलीं असतां एकाच कप्प्यांत पडतात. याहून मोठी हानि मूळ क्रमाची. पत्र व पुरवणी यांचा संबंध पुष्कळदां रुमालांतील शेजारावरूनच सिद्ध होतो. सरदेसाई यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड विषयवार छापिले, तरी मूळ दप्तर पुण्यास असल्यानें ताडून पाहतां येतें. 'मूव्ह' केलेल्या फायलींस तो आधार नाहीं. सबब रुमाल व बंद यांचा क्रमांक आधीं फायलीच्या नांवांत घालावा, आणि 'कॉपी' हीच कृति योजावी.