लाल विंचू आणि संदर्भांची मोजदाद

दर वर्षी पावसाळा सरत आला की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास दिसते. जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांत अमुक महाविद्यालयाच्या तमुक प्राध्यापकांची 'निवड' झाली, अशी ती बातमी असते. 'निवड' हा शब्द येथे फसवा आहे. कोणत्याही समितीने कोणाचे काम वाचून ही निवड केलेली नसते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जॉन आयोनिडिस व त्यांचे सहकारी 'स्कोपस' नावाच्या माहितीसंचावरून सहा निकषांचे गणित मांडतात आणि त्यातून ही यादी निघते. ते सहाही निकष अखेरीस एकाच गोष्टीवर उभे आहेत : एखाद्याच्या शोधनिबंधांचा उल्लेख इतरांच्या शोधनिबंधांत किती वेळा झाला.

ही मोजदाद नेमके काय मोजते आणि तिच्या चाळणीतून काय गळून जाते, हे पाहण्यासाठी आम्ही आपल्या जवळचे एक उदाहरण घेत आहोत. मुळशी तालुक्यातील पौडहून ताम्हिणी घाट उतरला की निजामपूर, माणगाव आणि पुढे महाड लागते. घाटाच्या वर भातखाचरे, खालीही भातखाचरे. या पट्ट्यातील शेतकऱ्याला विंचू नवा नाही. घाटाच्या वरच्या अंगाला, लवळ्यासारख्या गावांत, आता विद्यापीठाची संकुले उभी आहेत आणि तेथे शोधनिबंधांची संख्या हा रोजच्या चर्चेचा विषय आहे. घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावसकर यांनी आपले संशोधन एका छोट्या रुग्णालयात, रुग्ण तपासता तपासता केले. त्यांच्या कामाची परीक्षा आपण दोन्ही बाजूंनी करू.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. लाल विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशींतील सोडियमची दारे उघडी ठेवते. त्यामुळे अ‍ॅड्रेनॅलिन व तत्सम द्रव्यांचा शरीरात लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब चढतो, हृदयावर असह्य ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साठते. दिसायला भयंकर असणारी मोठी काळी इंगळी त्या मानाने सौम्य; जीव घेतो तो लहान, लालसर विंचू. मुलांना हे मुद्दाम सांगण्यासारखे आहे, कारण भीती आणि धोका यांचे प्रमाण नेहमी एक नसते.

डॉ. बावसकर १९७६ साली महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाने फुप्फुसांत पाणी होते, हे १९६१ साली मुंडले यांनी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये नोंदवलेले होते. उपाय मात्र हाती नव्हता. बावसकरांचा पहिला महत्त्वाचा निबंध १९८२ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. त्याचे सांगणे साधे होते : हृदय धोक्यात येण्यापूर्वी काही खुणा दिसतात. उलट्या, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, मुलग्यांत व पुरुषांत लिंगताठरता. या खुणा ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही. लागते ते रुग्णाच्या उशाशी तासन् तास बसून, घड्याळ पाहून केलेले निरीक्षण. शाळेत 'निरीक्षण करा व नोंदवा' असे आपण फळ्यावर लिहितो, त्याचा याहून चांगला नमुना आम्हांला ठाऊक नाही.

दुसरा निबंध १९८६ चा, तोही 'लॅन्सेट'मधला, आणि पत्नी डॉ. प्रमोदिनी बावसकर यांच्यासह लिहिलेला. रक्तवाहिन्या आवळल्या जातात हे कळल्यावर त्या सैल करणारे औषध द्यावे, हा विचार ओघानेच आला. प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची जुनी, स्वस्त, तोंडाने घ्यावयाची गोळी. ती विषाच्या परिणामाची नेमकी तीच कडी तोडते. बावसकरांनी पुढे दिलेल्या आकड्यांनुसार १९६१ ते १९८३ या काळात गंभीर विषबाधा झालेल्या रुग्णांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. १९८४ पासून, म्हणजे प्रॅझोसिनचा वापर सुरू झाल्यावर, हे प्रमाण शेकडा एकाच्या खाली आले.

आता टीकाकाराच्या नजरेने पाहू. ही तुलना 'पूर्वी' आणि 'नंतर' अशी आहे. एकाच वेळी काही रुग्णांना गोळी व काही रुग्णांना नाही, असा प्रयोग तेव्हा झाला नव्हता. मधल्या काळात रस्ते सुधारले, रुग्ण लवकर येऊ लागले, डॉक्टरांचा हात बसला. या सगळ्यांचाही वाटा असू शकतो. सगळे श्रेय एका गोळीच्या पदरात टाकणे शास्त्राच्या शिस्तीत बसत नाही. परंतु पंचवीस-तीसवरून एकाच्या खाली, ही घसरण केवळ रस्त्यांनी समजावता येण्याइतकी लहान नाही, आणि औषध का लागू पडावे याचे शरीरशास्त्रीय कारणही समोर आहे. म्हणून पुरावा अपुरा असला तरी पोकळ नव्हता, असे आमचे मत आहे.

या उणिवेचे उत्तर पुढे त्यांनीच दिले. २०११ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये त्यांची महाड येथील चाचणी प्रसिद्ध झाली. ७० रुग्णांचे सोडतीने ३५-३५ चे दोन गट केले. एका गटाला फक्त प्रॅझोसिन, दुसऱ्याला प्रॅझोसिन आणि विंचूविषावरील प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले रुग्ण पहिल्या गटात शेकडा २२.९, दुसऱ्यात शेकडा ९१.४. बरे होण्याचा सरासरी काळ १७.७ तासांवरून ८ तासांवर आला. येथेही मर्यादा आहेत. कोणाला काय दिले हे डॉक्टरांना ठाऊक होते, केंद्र एकच होते, आणि सत्तर रुग्णांवरून मृत्युप्रमाणाबद्दल काही बोलता येत नाही. फक्त बरे होण्याच्या वेगाबद्दल बोलता येते. पण ज्या माणसाचे नाव प्रॅझोसिनशी जोडले गेले, त्यानेच 'प्रॅझोसिन एकटे पुरेसे नाही, प्रतिविषाची जोड दिली तर रुग्ण लवकर उठतो' असे आकड्यांनिशी छापावे, हे आम्हांला त्या निबंधातील सर्वांत मोलाचे वाटते. आपल्याच गाजलेल्या कामाला पुन्हा कसोटीवर लावण्याचे धैर्य कोणत्याही निर्देशांकात मोजले जात नाही.

आता मोजदादीकडे वळू. अमेरिकेतील यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' नियतकालिकात संदर्भसूचीची कल्पना मांडली. वकिलांसाठी असलेल्या जुन्या निवाड्यांच्या सूचीवरून त्यांना ती सुचली होती. हेतू होता तो शोधाशोध सोपी करण्याचा. एका निबंधाचा धागा धरून पुढचे निबंध सापडावेत, इतकाच. नंतर त्याच सामग्रीतून नियतकालिकांचा प्रभावांक निघाला. एखाद्या नियतकालिकाने दोन वर्षांत २०० निबंध छापले आणि तिसऱ्या वर्षी त्यांचे ६०० उल्लेख झाले, तर प्रभावांक ३. हा अंक नियतकालिकाचा आहे, लेखकाचा नव्हे. वर्गाची सरासरी ६० म्हणून प्रत्येक मुलाला ६० गुण देणारा शिक्षक आपण पाहिला आहे काय? लेखकाला नियतकालिकाचा प्रभावांक चिकटवणे हा तोच प्रकार आहे.

२००५ साली भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी एच-निर्देशांक सुचवला. पाच निबंधांना अनुक्रमे १०, ८, ५, ४ व २ उल्लेख असतील, तर किमान चार उल्लेख मिळालेले चार निबंध आहेत, म्हणून एच-निर्देशांक ४. दुसऱ्या लेखकाचे तीनच निबंध. उल्लेख ९०, २ व १. त्याचा निर्देशांक फक्त २. एकच पण मूलगामी काम करणारा येथे मागे पडतो. हे गणित आठवीच्या मुलांनाही करता येईल, आणि त्यांनी ते करून पाहावे.

विंचवाच्या बाबतीत आणखी तीन अडचणी आहेत. पहिली, उल्लेख तोच करतो जो निबंध लिहितो. रात्री अकरा वाजता प्रॅझोसिनची गोळी देऊन मूल वाचवणारा आरोग्य केंद्रातील डॉक्टर निबंध लिहीत नाही. त्याने घेतलेला लाभ कोणत्याही सूचीत नोंदला जात नाही. दुसरी, विषयाचा आकार. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवले, की त्यांचा स्वतःचा आणि इंग्लंडमधील सहकारी डॉ. युडकिन यांचा वजन-उंचीचा निर्देशांक सारखाच, २२.३, पण चरबी त्यांच्या शरीरात शेकडा २१.२, तर युडकिन यांच्या शरीरात ९.१. हे काम उत्तमच आहे. परंतु मधुमेहावर श्रीमंत देशांतही शेकडो प्रयोगशाळा काम करतात, म्हणून उल्लेख करणारेही पुष्कळ. विंचू चावतो तो अनवाणी शेतमजुराला. दोन विषयांतील शंभर उल्लेखांचे वजन म्हणूनच सारखे नसते. तिसरी अडचण नावाची. या विंचवाचे शास्त्रीय नाव आधी ब्युथस, मग मेसोब्युथस, आता हॉटेंटोटा टॅम्युलस असे बदलत गेले; एकाच नावाने शोधणाऱ्याला अर्धे वाङ्मय सापडतच नाही.

तर मग मोजदाद टाकून द्यावी काय? आम्ही तसे म्हणत नाही. कोणता निबंध कोणी वाचला, कोणी खोडला, हे शोधायला संदर्भसूचीसारखे साधन नाही. गारफील्ड यांचा मूळ हेतू आजही चोख आहे. बिघडते ते साधनाचा न्यायाधीश केल्यावर. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादक व शास्त्रज्ञांनी हेच सांगितले : माणसाचे मूल्यमापन नियतकालिकाच्या प्रभावांकावरून करू नका, काम वाचा. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांत पीएच.डी.पूर्वी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. सक्तीने छापलेल्या निबंधांचा ढीग किती आणि ज्ञान किती, हा अनुभव त्यामागे होता असे आम्ही समजतो.

यात शिक्षकांचा संबंध कोठे येतो? आपले विद्यार्थी उद्या संशोधनाचे विषय निवडतील. बढती आणि बक्षीस उल्लेखांच्या संख्येवर मिळत राहिले, तर हुशार मुलगी ज्या विषयावर जगभर गर्दी आहे तोच विषय उचलेल. मुळशीच्या खाचरातील विंचू, साप आणि भातावरील किडी यांना संशोधक मिळणार नाही. बावसकरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली, हे चांगलेच झाले. पण तेव्हा पहिल्या निबंधाला चाळीस वर्षे झाली होती.

वर्गात एक करून पाहता येईल. गावात गेल्या वर्षी विंचू कोणाकोणाला, कोणत्या महिन्यात, कोठे काम करताना चावला आणि दवाखान्यात जायला किती वेळ लागला, याची नोंद मुलांनी घरोघर विचारून करावी. नावे लिहू नयेत, आकडे लिहावेत. सोबत उलटी, दरदरून घाम आणि गार हातपाय या खुणा भिंतीवर लावाव्यात, आणि मंत्र-जडीबुटीत वेळ न घालवता थेट आरोग्य केंद्र गाठायचे, हे त्याखाली ठळक लिहावे. त्या तक्त्याचा उल्लेख कोणत्याही सूचीत होणार नाही. तो वाचून एखादे मूल तासभर आधी दवाखान्यात पोचले, तर १९८२ च्या त्या निबंधाचा तोही एक संदर्भच होय.