रजनी आणि फोटोची चौकट

प्रिया तेंडुलकर यांचं नाव निघालं की लोक अजूनही ‘रजनी’च म्हणतात. १९८५ साली दूरदर्शनवर आलेली, बासू चटर्जींनी दिग्दर्शित केलेली ही मालिका. एक गृहिणी गॅस सिलिंडरसाठी, टॅक्सीवाल्याच्या मुजोरीविरुद्ध भांडते, एवढाच जीव. पण टॅक्सीवाल्यांवरचा भाग दाखवला गेल्यावर मुंबईतल्या टॅक्सीचालकांनी खरोखर निषेध केला. काल्पनिक बाईवर माणसं इतकी चिडतात, तेव्हा नटीला काहीतरी नेमकं सापडलेलं असतं.

इंदूरच्या आमच्या मराठी घरात तेव्हा चॅनेल एकच होतं. रजनी लागली की आई हातातलं काम टाकून बसायची. रजनी जिंकणार हे ठरलेलंच असे. त्यात काय बघायचं? आई बघायची ते त्याआधीचं. समोरचा माणूस उडवाउडवी करतोय आणि रजनी त्याच्यावरची नजर हलवत नाही. मग घरात विचारावा तसा साधा प्रश्न. ग्राहक संरक्षण कायदा १९८६चा. म्हणजे रजनी भांडत होती तेव्हा तिच्या पदराला तो कायदाही नव्हता. होता तो फक्त आवाज.

आज मात्र मला त्या मालिकेची एक गोष्ट खुपते. रजनीसमोर उभे राहणारे बरेचदा टॅक्सीवाला, गॅसवाला असे हातावर पोट असणारेच. व्यवस्थेचा दोष अशा माणसाच्या अंगावर लोटून मध्यमवर्ग मोकळा होई. सरकारी वाहिनीला हा राग परवडणारा होता. तरीही ती भूमिका पोकळ वाटत नाही, याचं श्रेय लेखनापेक्षा प्रियाताईंना द्यावं लागेल. त्यांच्या रागात तोरा नव्हता, शेजारणीचा हक्क होता.

विजय तेंडुलकरांची मुलगी ही ओळख तर पाठीशी होतीच. पण त्या स्वतः कथालेखिका होत्या, हे मराठीबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. त्यांच्या एका कथासंग्रहाचं नाव ‘ज्याचा त्याचा प्रश्न’. हे शब्द मला दर वेळी थांबवतात, कारण रजनीचं भांडण नेमकं याच वाक्याशी होतं! ‘आपल्याला काय करायचंय’ म्हणत दार लावून घेणाऱ्या शेजाऱ्यांशी. पडद्यावर ज्या वृत्तीला त्यांनी सोडलं नाही, तिचंच बोधवाक्य पुस्तकाच्या कपाळावर. ‘रजनी’वरची यापेक्षा तिरकस टीका मी वाचलेली नाही, मग ती त्यांच्या मनात असो वा नसो.

पुढे १९९५मध्ये झी टीव्हीवर ‘हम पांच’ आलं. अशोक सराफ नवरा, आणि प्रियाताई त्याची दिवंगत पहिली बायको, भिंतीवरच्या तसबिरीतून फक्त त्याच्याशीच बोलणारी. आम्ही पोट धरून हसलो. रस्त्यावर उतरून अख्ख्या गावाला जाब विचारणारी बाई दहा वर्षांत चौकटीत गेली, आणि तिचं ऐकणारा उरला एक नवरा, हे तेव्हा कुणाच्या मनात आलं नाही. अभिनयाचं म्हणाल तर ते काम अधिक अवघड होतं. चालणं नाही, हातवारे नाहीत. फक्त चेहरा आणि आवाज. तरी नवऱ्याने सबब सांगितली की त्या चौकटीतून तीच जुनी नजर येई, न हलणारी. २००२ साली, वयाच्या अवघ्या ४७व्या वर्षी त्या गेल्या, तेव्हा आईने वर्तमानपत्र बाजूला ठेवलं आणि म्हणाली, “रजनी गेली गं.”